गरम झाल्यावर पिकप सुरू होत नाही, पंप बदलायचाच का?

निळी_पिकप

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. माझ्याकडे चार सिलिंडरची डिझेल पिकप आहे, जुनं मेकॅनिकल इंजिन, रोटरी पंप (म्हणजे इंजेक्टरना दाबाने डिझेल देणारा), तो टायमिंग बेल्टवर फिरतो, कॉम्प्युटर वगैरे काहीही नाही. सव्वातीन लाख किलोमीटर झालेत आणि पंप मूळचाच आहे, आजवर कुणी उघडलेला नाही.

तीनेक महिने झाले, सकाळी गार असताना गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते, काही तक्रार नाही. पण अर्धा-पाऊण तास चालवून बंद केली आणि दहा मिनिटांनी परत सेल्फ मारला की नाहीच, सेल्फ नुसता फिरत राहतो, धूरही येत नाही, बॅटरी दमते आणि मी पण दमतो. तासभर तशीच उभी ठेवली की मग जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. शिवाय माल भरलेला असला की चढाला जीव सोडते, आधी जिथे तिसऱ्यात चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. आयडल वर-खाली होतो. पंपाच्या वरच्या झाकणाजवळ डिझेलची ओल दिसते.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बोनेट उघडलं, दोन मिनिटं आवाज ऐकला आणि सांगितलं पंप गेला, बदला. काही मोजलं नाही, एक पाईपसुद्धा सोडला नाही. पंप हा काही फिल्टर नव्हे की बदलून बघू म्हणून बदलला. तर दोन प्रश्न: खरंच पंपच आहे हे कसं ठरवायचं? आणि असेल तर घरी बदलता येतो का? बेल्ट, क्लच, वॉटर पंप मी स्वतः केलेत, पण डिझेल पंपाला कधी हात लावलेला नाही.

कॅलिब्रेशनवाली

मी पंप रूममध्ये काम करते, बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, रोज हेच पंप असतात. दादा, गार असताना सुरू आणि गरम असताना नाही हे लक्षण खरंच पंपाच्या हेडकडे, म्हणजे डिझेलला दाब देणाऱ्या भागाकडे, बोट दाखवतं. रोटरी पंपात एकच प्लंजर, म्हणजे दट्ट्या, असतो, तोच फिरतो आणि तोच पुढेमागे होतो, आणि चारही सिलिंडरला डिझेल तोच वाटतो. प्लंजर आणि त्याच्या बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो म्हणजे बघा किती बारीक. ही फट झिजून वाढली की गार जाड डिझेल कसंबसं दाब धरतं, पण पंप गरम झाला की डिझेल पातळ होतं आणि प्लंजरच्या बाजूने निसटतं. इंजिन चालू असताना वेग असतो त्यामुळे निभतं. सेल्फवर इंजिन दोनशे-अडीचशे आरपीएमने फिरतं, पंप त्याच्या निम्म्याने, मग नोझल (इंजेक्टरचं टोक) उघडायला लागणारा दाब तयारच होत नाही. धूर येत नाही असं तुम्ही लिहिलंय तेही याच्याशी जुळतं, कारण सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाहीये.

याची एक जुनी आणि बिनखर्ची चाचणी आहे. पुढच्या वेळी गरम असताना सुरू झाली नाही की इंजिन बंद असतानाच पंपावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, पाच-सात मिनिटं ठेवा, फक्त पंप गार होऊ दे, बाकी इंजिन गरमच. मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर हेड झिजलंय. फक्त एक सांगते, चालू इंजिनच्या गरम पंपावर कधीही पाणी ओतू नका, बाहेरचं अंग आकसतं, आतला प्लंजर गरमच असतो आणि तो तिथेच जाम होतो. असे जाम झालेले पंप मी हातात घेतलेत.

जुना_फोरमन

ताईंनी सांगितलं ते बरोबरच आहे पण मी अजून थोडं मागे जाऊन बोलतो. चाळीस वर्षं डिझेल इंजिनांत गेली. पंप गेला म्हणून काढून आणलेल्या पंपांपैकी कितीतरी धडधाकट असायचे, दुखणं टाकीत नाहीतर नळीत असायचं. म्हणून पंपाला हात लावण्याआधी टाकी आणि फिल्टर दोन्ही बाजूला काढा आणि पंपाला थेट कॅनमधून डिझेल द्या. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात पंपाची आत जाणारी नळी, मध्ये एक छोटा नवीन फिल्टर, आणि रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. दोन्ही नळ्या पारदर्शक घ्या, आतलं दिसलं पाहिजे. कॅन घट्ट बांधा, पंखा आणि सायलेन्सरपासून लांब.

आता चालवून बघा. सगळं दुखणं गेलं तर पंप चांगला आहे, मागे शोधा. काहीच फरक पडला नाही तर पंप, नोझल किंवा कॉम्प्रेशन. आणि आधी मूळच्या जोडणीवर असतानाच आत जाणाऱ्या नळीत थोडा पारदर्शक तुकडा घालून बुडबुडे बघून घ्या. लोक म्हणतात कुठे डिझेल ठिबकत नाही म्हणजे हवा घेत नाही. अहो ओढणाऱ्या बाजूला गळती असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, जमिनीवर एक थेंब दिसणार नाही. फिल्टरच्या डोक्यावरच्या हॅण्ड प्रायमरचं (हाताने डिझेल चढवायच्या पंपाचं) रबर चिरलं की नेमकं असंच होतं.

अजून एक, पंपाच्या हेडवर स्टॉप सोलेनॉइड असतो, म्हणजे डिझेल बंद-चालू करणारा विजेचा व्हॉल्व्ह, त्याची वायर ढिली असेल किंवा गरम होऊन तो सुटत असेल तरी गाडी सुरू होणार नाही. सेल्फ फिरत असताना त्या वायरवर व्होल्टेज मोजा. नुसती चावी ऑन करून मोजू नका, सेल्फ मारताना बॅटरी खाली बसते आणि जुन्या वायरिंगमध्ये तिथे फार कमी पोचतं.

सावकाश_चालक

माझ्याकडे असंच होतं. इंजेक्टर बदलले, ग्लो प्लग बदलले, शेवटी निघाली टाकीतली जाळी. सगळं करून बघा पण क्रमाने करा दादा.

निळी_पिकप

चार दिवस लागले पण सगळ्या चाचण्या केल्या, ज्यांनी सांगितलं त्यांचे मनापासून आभार.

सोलेनॉइडवर सेल्फ मारताना १०.४ व्होल्ट, म्हणजे ठीक. आत जाणाऱ्या नळीत बुडबुडे होते, बारीक पण सतत. प्रायमरचं रबर खरंच चिरलेलं होतं, बदललं, बुडबुडे गेले, पण गरम सुरू न होणं तसंच. कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर २६ ते २८ बारमध्ये, एवढ्या चाललेल्या इंजिनला हे मला चांगलंच वाटलं. मग कॅनची चाचणी केली आणि इथे मी गोंधळलो. कॅनवर गाडीचा जोर बराच परत आला, तोच चढ तेवढाच माल घेऊन तिसऱ्यात चढली, पण गरम झाल्यावर सुरू न होण्यात काडीचा फरक नाही. मग ओलं फडकं ठेवलं, सहा मिनिटांनी दुसऱ्याच फेऱ्यात सुरू झाली. दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा तसंच.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? पंप पण आणि टाकी पण?

कॅलिब्रेशनवाली

हो, दोन्ही, आणि खरं तर एकामुळे दुसरं. टाकीकडून डिझेल कमी येत होतं म्हणून जोर नव्हता. आणि त्याच टाकीतून जे काही आलं त्याने पंपाचं हेड खाल्लं. रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याच्या आत सगळं डिझेलनेच वंगण होतं, कॅम प्लेट, रोलर, व्हेन, गव्हर्नरची वजनं, सगळं डिझेलमध्ये बुडून फिरतं. त्यात पाणी आलं की सगळ्यात आधी रोलर आणि कॅम प्लेट गंजतात, मग तो गंज फिरत फिरत प्लंजरपर्यंत जातो.

तुम्ही पंप बदलाल आणि टाकी तशीच ठेवाल तर नवा पंपही त्याच वाटेने जाईल, तो तुमच्या हातातच मरेल आणि तुम्ही पंप बनवणाऱ्याला नावं ठेवाल. आधी टाकी उतरवा. पंप त्यानंतर.

निळी_पिकप

टाकी उतरवली ताई. आतला पिकपचा पाईप, म्हणजे डिझेल ओढायचा, त्याच्या जाळीवर काळपट बुळबुळीत थर, जेलीसारखा, बोटाने ओढला तर तार निघते. तळाला पेलाभर पाणी. टाकीच्या झाकणाचं गॅस्केट कडक होऊन चिरलेलं होतं, धुताना पाणी तिथूनच जात असणार.

जुना_फोरमन

ती जेली म्हणजे जिवाणू आणि बुरशी. डिझेलमध्ये नुसत्या डिझेलवर ते वाढत नाहीत, पाणी लागतंच, पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या रेषेवर ते राहतात. म्हणून औषध टाकून उपयोग नाही जोवर पाणी तळाला आहे. टाकी आतून पूर्ण धुवून कोरडी करा, नळ्या हवेने मारून घ्या, पाईपातली जाळी बदला, झाकणाचं गॅस्केट बदला. वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या डब्याच्या) खालचा स्क्रू शेवटचा कधी सोडला होता?

निळी_पिकप

खरं सांगतो काका, तो स्क्रू असतो हेच मला माहीत नव्हतं.

धूर_बघणारा

मध्येच विचारतो माफ करा. पंप नवीन घ्यावा, रिकंडिशन घ्यावा की दुसऱ्या गाडीचा काढलेला चालेल? माझंही तेच चाललंय.

कॅलिब्रेशनवाली

काढलेला पंप म्हणजे कुणाचं तरी दुखणं विकत घेणं. तो बेंचवर चढवलेला नसेल तर घेऊ नका. रिकंडिशन चालेल पण कागद मागा. बेंचवर पंप वेगवेगळ्या आरपीएमला फिरवून प्रत्येक आउटलेटमधून किती डिझेल येतं ते मोजलेलं असतं, सेल्फच्या वेगाला किती, आयडलला किती, पूर्ण लोडला किती, आणि चारही आउटलेटमधला फरक किती. त्यात आतला दाबही असतो. पंपातला व्हेन पंप आयडलला साधारण ३ बार आणि वर ७-८ बारपर्यंत दाब बनवतो, आणि त्याच दाबावर टायमिंग, म्हणजे डिझेल कधी पडतं ते, पुढे सरकतं. जो गडी हे आकडे देत नाही आणि फक्त नवं सील टाकून रंग मारून देतो, त्याने पंप दुरुस्त केलेला नाही.

हेड आणि प्लंजर जोडीनेच बदलतात, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या हेडमध्ये बसवू नये, ते एकमेकांना घासून बसवलेले असतात. सील विचारून घ्या, जुन्या नायट्राइल रबरापेक्षा व्हायटॉन रबराचे चांगले, कमी सल्फरच्या डिझेलला टिकतात. डिझेलमधलं सल्फर कमी झालं तेव्हा कित्येक जुने पंप अचानक गळायला लागले ते याचमुळे, जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेलं रबर आकसलं. दादाच्या पंपाच्या झाकणाची ओल बहुतेक तीच.

आणि पंप बदलताना नोझल तपासून घ्याच. झिजलेल्या नोझलवर नवा पंप लावून टायमिंग कितीही घेतलंत तरी खडखड राहील.

धूर_बघणारा

समजलं ताई. आणि कॉमन रेलवाल्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) पिकपला पण हीच चाचणी का? भावाची नवी आहे, गरम असताना सुरू व्हायला वेळ लावते.

जुना_फोरमन

नाही नाही, तिथे वेगळं. पहिली गोष्ट, कॉमन रेलचा कुठलाही पाईप चालू इंजिनवर सोडायचा नाही. १६०० ते २००० बार आणि वर, तो झोत हातमोज्यातूनही कातडीखाली जातो, बाहेरून सुईच्या टोचण्याएवढं दिसतं आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि काही तासांचा उशीर बोट घालवू शकतो. असं झालं तर मलम लावत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, आणि डॉक्टरांना दाबाचं डिझेल आत गेलंय हे शब्दांत सांगायचं.

दुसरं, तिथे स्कॅनर लावून रेलचा दाब बघा, कॉम्प्युटर किती मागतोय आणि प्रत्यक्ष किती आहे. सेल्फवर दाब चढत नसेल तर लगेच पंपावर येऊ नका, चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावा. एक इंजेक्टर भरमसाट डिझेल मागे सोडत असेल तर पंप कितीही चांगला असला तरी रेल भरणार नाही. आणि फिल्टर कापून बघा, त्यात चमकी दिसली, धातूची, तर पंप आतून खरवडला जातोय, तिथे नुसता पंप बदलून भागत नाही, ती चमकी रेल, इंजेक्टर आणि रिटर्नने टाकीपर्यंत गेलेली असते, सगळी लाईन धुवावी लागते, इंजेक्टर तपासावे लागतात. त्याचा वेगळा धागा काढा, इथे दादाचं काम चालू आहे.

निळी_पिकप

टाकी झाली, जाळी नवी, नळ्या नव्या, फिल्टर नवा. नोझल तपासून घेतले, दोन गळत होते, चारही बदलले. बेंचचा कागद असलेला रिकंडिशन पंप मिळाला. आता काढायचा कसा ते नीट सांगा, घाईत नाही.

जुना_फोरमन

लिहितो सविस्तर. आकडे मात्र तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस पुस्तकातलेच घ्यायचे, माझे नाही.

आधी इंजिन धुवा. हसू नका, हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, पंपाच्या आजूबाजूची घाण गेल्याशिवाय एकही नट सोडायचा नाही, जो पाईप सुटेल त्याला लगेच बूच, बूच नसेल तर स्वच्छ पॉलिथिन आणि रबर बँड. धुवून पूर्ण वाळू द्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढा.

मग इंजिन हाताने, क्रँकच्या बोल्टने, फिरायच्या दिशेनेच फिरवून एक नंबरला टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणा. क्रँक, कॅम आणि पंप, तिन्ही खुणा जुळल्या पाहिजेत. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा पंप एकदा फिरतो, त्यामुळे क्रँकची खूण जुळली आणि पंपाची भलतीकडेच दिसली तर अजून एक फेरा द्या. फोटो काढा, शिवाय रंगानेही खुणा करा.

बेल्ट काढण्याआधी पंपाच्या पुलीला लॉक करा, बहुतेक पुल्यांना त्यासाठी भोक असतं, त्यातून बोल्ट मागे पंपाच्या अंगात जातो. लॉक न करता बेल्ट सैल केला की आतली स्प्रिंग पुलीला खटकन फिरवते, बोट असेल तर बोट. बेल्ट निघाल्यावर क्रँक फिरवायचा नाही, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. आणि बेल्ट आता काढलाच आहे तर तो आणि टेन्शनर नवे टाका.

हायप्रेशर पाईप सुटे सुटे काढू नका, क्लॅम्पसकट संच म्हणून काढा. नट सोडताना डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर नटाबरोबर तोच सुटतो. रेसची केबल, सोलेनॉइडची वायर, डिझेलच्या नळ्या काढा, मग पुलीचा नट सोडून पुलर लावा. पुली टेपरवर बसलेली असते. हातोडा मारायचा नाही, एक फटका शाफ्टला आणि आतल्या कॅम प्लेटला पुरेसा असतो. शाफ्टमधली अर्धचंद्राची चावी जपून ठेवा. शेवटी फ्लॅन्जचे बोल्ट. त्याआधी फ्लॅन्ज आणि इंजिनच्या अंगावर एक रेघ मारा, नवा पंप अंदाजे तिथेच बसवायला. ती रेघ फक्त अंदाजाला, त्यावर टायमिंग सोडायचं नाही.

नवा पंप बसवण्याआधी त्यात स्वच्छ डिझेल भरा. कोरडा पंप सेल्फवर फिरवला तर पहिल्या मिनिटातच त्याचं निम्मं आयुष्य गेलं समजा. तांब्याचे वॉशर सगळे नवे. हॅण्ड प्रायमरने फिल्टर भरा, पंपाच्या रिटर्नमधून बुडबुडे नसलेलं डिझेल येईपर्यंत मारा. नंतर इंजेक्टरकडचे चार नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ, दहा-पंधरा सेकंदापेक्षा जास्त नाही, मध्ये सेल्फला विसावा. डिझेल आलं की नट आवळा. बोट लावून बघू नका, पुठ्ठा धरा.

कॅलिब्रेशनवाली

काकांनी सगळं सांगितलंय, मी एकच जोडते. पंपाच्या अंगावरचे स्क्रू, विशेषतः ज्याला तार आणि सील आहे तो फ्यूलचा स्क्रू, त्याला पाना लावायचा नाही. जोर कमी वाटला की लोक पहिला तोच पिळतात, मग काळा धूर आणि एग्झॉस्ट तापतो. तो बेंचवर मोजून ठेवलेला असतो.

निळी_पिकप

आज पंप बसला. सगळं पुस्तकाप्रमाणे, तुमच्या म्हणण्याप्रमाणे केलं. तिसऱ्या सेल्फला सुरू झाली, मला वाटलं जिंकलं. पण आयडल लंगडा, रेस दिली तर जेमतेम पंधराशेपर्यंत जाते आणि मग मरते, जणू कुणी गळा धरलाय. परत प्रायम केलं, पारदर्शक नळीत बुडबुडा नाही. टायमिंग एक दात चुकलं म्हणावं तर खुणा तीनदा बघितल्या, जुळलेल्याच आहेत. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होतो. एवढं सगळं करून शेवटी हे. कुणी जागं असेल तर सांगा, उद्या सकाळी परत पंप काढायची माझी मनाची तयारी नाहीये.

सावकाश_चालक

दादा थांबा, रात्री काही सोडू नका, थकल्यावर चुका होतात. बेल्ट परत एकदा उजेडात बघा.

कॅलिब्रेशनवाली

पंप काढू नका! मला एक सांगा, डिझेलच्या नळ्यांचे जे दोन बॅन्जो बोल्ट, म्हणजे आतून पोकळ बोल्ट, आहेत, आत जाणारा आणि रिटर्नचा, ते पंपाबरोबर आले होते की जुन्या पंपावरचे काढून लावले? दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, धागाही तोच. पण रिटर्नच्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजीत आउट असं कोरलेलं असतं आणि त्याच्या आत अगदी बारीक भोक असतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्या भोकामुळेच पंपाच्या आत दाब राहतो. तो बोल्ट चुकून आत जाणाऱ्या बाजूला लागला तर पंप सुईच्या भोकातून डिझेल ओढतो, आणि रिटर्न सताड उघडा, म्हणजे आत दाबच नाही. तुमचं वर्णन अगदी तेच आहे.

निळी_पिकप

टॉर्च घेऊन आत्ताच बघून आलो. आउट लिहिलेला बोल्ट आत जाणाऱ्या बाजूला आहे ताई.

बदलला. प्रायम केलं. सुरू झाली, आयडल घड्याळासारखा, रेस पूर्ण घेते. रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि मी इथे एकटाच हसतोय. तुम्ही नसता तर उद्या चांगला पंप काढून परत पाठवला असता. खूप खूप आभार.

जुना_फोरमन

शाब्बास. पण काम अर्धं झालंय, टायमिंग डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापाने) घेतल्याशिवाय माल भरू नका.

निळी_पिकप

हो काका. सकाळी गार सुरू केली तर पांढरा धूर आहे मिनिट-दोन मिनिटं आणि आवाज मऊ, जास्तच मऊ. टायमिंग मागे असेल असं वाटतंय.

जुना_फोरमन

बरोबर ओळखलंत. गार असताना पांढरा, डोळे चुरचुरणारा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल, उशिरा पडतंय. पुढे गेलं असतं तर खणखण ठोके आले असते.

पंपाच्या हेडच्या मधोमध, चार पाईपांच्या मध्ये, एक बोल्ट आहे. तो काढा, तिथे अडॅप्टर लावून डायल गेज बसवा, काटा दोनेक मिलिमीटर दाबलेला ठेवा. कोल्ड स्टार्टची यंत्रणा असेल तर ती सोडवून ठेवा, नाहीतर वाचन खोटं येईल. आता क्रँक उलटा फिरवा, काटा खाली येत येत थांबेल, प्लंजर तळाला आला, तिथे गेज शून्य. मग सरळ दिशेने टीडीसीपर्यंत या. एकाच दिशेने, न थांबता, आणि पुढे गेलात तर मागे येऊन भागत नाही, बेल्टचा ढिलेपणा वाचनात शिरतो, पुन्हा पहिल्यापासून. टीडीसीला गेज जे दाखवेल ती प्लंजरची उचल.

आकडा पुस्तकापेक्षा कमी असेल तर टायमिंग मागे आहे, पंपाचं अंग शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरवायचं की पुढे जातं. फ्लॅन्जचे बोल्ट सैल केले तरी पंप फिरणार नाही, पाईप धरून ठेवतात, म्हणून पंपाकडचे पाईपांचे नटही सैल करा. आवळल्यावर परत मोजा, आवळताना पंप थोडा सरकतोच.

निळी_पिकप

झालं. माझ्या इंजिनच्या पुस्तकात ०.८० मिलिमीटर आहे, माझं निघालं ०.५८. म्हणजे खुणा जुळलेल्या होत्या, बेल्ट बरोबर होता, आणि तरी एवढा फरक. जुन्या पंपाच्या रेघेवर नवा पंप बसवला होता ना, ती रेघ याला लागूच नव्हती. फिरवून ०.८२, आवळल्यावर ०.८४ झालं, परत सैल केलं, ०.७७ ठेवून आवळलं, बरोबर ०.८० आलं. चारदा मोजलं.

सकाळी गार सुरू केली, धूर नाही. आवाज पूर्वी होता तसा, कडक पण ठोके नाहीत.

धूर_बघणारा

जुन्या पंपाचं काय केलंत? उघडून बघितला का कुणी?

निळी_पिकप

हो, ज्यांच्याकडून पंप घेतला त्यांच्याच बेंचवर उघडून दाखवला. कॅम प्लेटवर गंजाचे खड्डे, दोन रोलरवर पट्टे, आणि प्लंजरवर उभे ओरखडे, नखाला लागतात एवढे. वरच्या झाकणाचं सील प्लास्टिकसारखं कडक झालेलं. मी ती कॅम प्लेट मागून घेतली, आता गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.

कॅलिब्रेशनवाली

चांगलं केलंत. सेपरेटर सध्या दर आठवड्याला सोडा, टाकीच्या कोपऱ्यात राहिलेलं पाणी पहिल्या महिन्यात येत राहतं. आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला, हजार-दीड हजार किलोमीटरला एकदा, धुतलेल्या टाकीतून सुटलेलं सगळं त्यात अडकतं.

निळी_पिकप

पाच आठवड्यांनी लिहितोय, ज्यांना असंच दुखणं आहे त्यांच्यासाठी. फिल्टर ताईंनी सांगितल्याप्रमाणे बाराशे किलोमीटरला बदलला, कापून बघितला, थोडा काळा गाळ होता, चमकी अजिबात नाही. सेपरेटरमधून पहिल्या आठवड्यात चमचाभर पाणी आलं, दुसऱ्यात काही थेंब, तिसऱ्यापासून स्वच्छ. काल पूर्ण माल, भर दुपार, तासभर सलग चालवून मुद्दाम बंद केली, दहा मिनिटं घड्याळ लावून थांबलो आणि सेल्फ मारला, पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली, फडकं आणि पाण्याची बाटली सोबत ठेवली होती ती तशीच परत आणली.